व्हॉल्यूमचा पॉट: 'बी' की 'ए'?

एलएम ३८६ या चिपचा घरगुती अँप्लिफायर केला की इनपुटला १० किलोओहमचा पॉट (पोटेंशियोमीटर, म्हणजे नॉब फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आलाच. दुकानदार बहुतेकदा न विचारता 'बी', म्हणजे लिनियर, हातात ठेवतो. तो मध्यावर असताना निम्मा सिग्नल पुढे जातो, म्हणजे घट जेमतेम ६ डेसिबलची. नॉब जरा फिरवला की आवाज अंगावर येतो, उरलेला फेरा जवळपास वायाच. कानाला पटतो तो 'ए', म्हणजे लॉग पॉट: मध्यावर साधारण १०-१५ टक्केच सिग्नल. मी तोच घेतो. नाहीच मिळाला, तर 'बी'च्या मधल्या पायापासून ग्राउंडला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा; मध्यावर १४ टक्के मिळतात. फुल व्हॉल्यूमला सोर्सवर भार पडतो खरा, पण मोबाइलचा हेडफोन जॅक तो सहज झेलतो.