ओढा कोरडा असताना केलेली पाहणी

आमच्या सहकारी संस्थेला शीतगृह आणि त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता बांधायचा आहे. पर्यावरणावर काय परिणाम होतील ते तपासायला आम्ही एक सल्लागार कंपनी नेमली. मी संस्थेची सचिव, त्यामुळे सगळा व्यवहार माझ्याकडे होता. पाचपैकी साडेतीन तारे.

पहिल्या मसुद्यात ओढ्यावर एकच ओळ होती: कोरडा नाला, जलचर आढळले नाहीत. पाहणी ऐन उन्हाळ्यातली! तेव्हा बेडूक मातीत दडलेले असतात, कंदवर्गीय झाडं जमिनीखाली, दिसणार काय? मी मसुदा परत पाठवला. काम लांबणार म्हणून सभासद माझ्यावर चिडले. पण मूळ नोंदीच एका ऋतूच्या असल्या, तर पुढच्या सगळ्या अंदाजांना आधार कसला?

कंपनीने वाद न घालता चूक मानली. पाऊस लागल्यावर त्यांची एक तरुण अभ्यासक तीन रात्री विजेरी घेऊन ओढ्याकाठी बसली. एका रात्री मीही गेले. बेडकांच्या प्रत्येक जातीच्या नराची हाक वेगळी असते आणि न दिसताही जात ओळखता येते, हे तिने मला ऐकवून दाखवलं. जिथे आमच्या रस्त्याची मोरी येणार होती, नेमक्या त्याच डबक्यात अंडी होती.

दुसऱ्या मसुद्यात पर्यायांचं प्रकरण खरोखर लिहिलेलं आहे. रस्त्याच्या तीन आखण्या, शिवाय प्रकल्प केलाच नाही तर काय, तेही. अमेरिकेच्या 1969 च्या ज्या कायद्यापासून परिणाम आधी तपासायची ही पद्धत जगभर गेली, त्यातच पर्याय मांडायची अट होती. नुकसानीवर उपाय म्हणून पहिल्या मसुद्यात थेट वृक्षारोपण होतं. आता क्रम बरोबर आहे: आधी नुकसान टाळा, मग कमी करा, मग जागा पूर्ववत करा, उरेल त्याचीच भरपाई. आम्ही डबक्यापासून लांबची आखणी घेतली. रस्ता थोडा लांबला.

आवाजाचं प्रकरणही चांगलं. वाहनं दुप्पट झाली की सरासरी आवाज साधारण 3 डेसिबलने वाढतो, हे सभासदांना समजेल असं लिहिलंय.

दीड तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. शेजारी येऊ घातलेल्या इतर बांधकामांचा एकत्रित परिणाम दोन परिच्छेदांत उरकलाय. आणि बांधकामानंतर ओढ्याची पाहणी कोण, कधी करणार याचं वेळापत्रक मी दोनदा मागितलं, अजून मिळालेलं नाही.