व्हेनिसहून न सुटणारं जहाज : हनिमून क्रूझमधली आमची फसवणूक

सेंट मार्क चौकासमोरून हळूहळू सरकणारं दहा-बारा मजली जहाज, वरच्या बाल्कनीत ग्लास घेऊन उभं असलेलं जोडपं, खाली गोंडोले. हा व्हिडिओ दाखवून कुणी तुम्हाला हनिमून क्रूझ विकत असेल तर ॲडव्हान्स देऊ नका. हे दृश्य १ ऑगस्ट २०२१ पासून बंद आहे. २५,००० ग्रॉस टनेजपेक्षा (जहाजाच्या आतल्या एकूण आकारमानाचं माप) मोठ्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाजांना इटली सरकारने त्या दिवसापासून सेंट मार्कसमोरच्या पाण्यात आणि जुदेक्का कालव्यात यायला मनाई केली. आपल्याकडे पॅकेजमध्ये विकली जाणारी बहुतेक जहाजं याच्या कितीतरी पुढची असतात.

मनाई काही एका रात्रीत झाली नाही. ही अजस्र जहाजं नकोत म्हणून तिथले रहिवासी वर्षानुवर्षं आंदोलन करत होते. २ जून २०१९ला एक क्रूझ जहाज जुदेक्का कालव्यात धक्क्यावर आणि एका पर्यटक बोटीवर आदळलं, माणसं जखमी झाली. पुढे युनेस्कोनेही शहराला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकण्याचा इशारा दिला. आता मोठी जहाजं मार्गेराच्या औद्योगिक बंदरात लागतात, नाहीतर थेट त्रिएस्ते किंवा रावेन्नाला. रावेन्ना व्हेनिसपासून रस्त्याने सुमारे १४५ किलोमीटर. जहाज कंपन्या यात लपवाछपवी करत नाहीत, तिकिटावर व्हेनिसच्या पुढे कंसात रावेन्ना छापतात. आमच्या एजंटाने स्वतःच्या लेटरहेडवर आयटिनररी उतरवताना तो कंस खाऊन टाकला.

आमचं लग्न २०२४च्या फेब्रुवारीत झालं. पुण्यातल्या एका लग्न-प्रदर्शनात या गृहस्थांचा स्टॉल होता. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बोलणं अतिशय गोड. सासूबाईंना ‘काकू’, मला ‘ताई’, नवऱ्याला ‘सर’. चार लाख साठ हजारांचं पॅकेज : व्हेनिसमध्ये हॉटेल, मग सात रात्रींची क्रूझ, कोटोर, कोर्फू वगैरे करून परत. शिवाय बाल्कनीचे बेचाळीस हजार वेगळे. या बाल्कनीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावरून त्याला सगळं ठाऊक होतं हे कळतं.

तो म्हणाला, “ताई, बाल्कनी डाव्या बाजूचीच घ्या. जहाज निघताना सेंट मार्क डावीकडे येतं. उजवीकडच्यांना नुसतं समोरचं बेट दिसतं.” हे अगदी बरोबर आहे. म्हणजे होतं. पूर्वी मारित्तिमा बंदरातून निघालेलं जहाज जुदेक्का कालव्यातून पूर्वेकडे जायचं आणि मुख्य शहर डाव्या हाताला राहायचं. जाणकार प्रवासी खरंच भांडून डावी बाजू मागत. इतका बारीक तपशील ज्याला पाठ आहे त्याला मनाई माहीत नसेल, यावर माझा काडीचाही विश्वास नाही. खोटं विकणारे सगळंच खोटं सांगत नाहीत. शिळं झालेलं खरं जास्त सहज खपतं.

जहाज कंपनीचा बुकिंग नंबर आम्ही दोन-तीनदा मागितला. उत्तर ठरलेलं : “ग्रुप बुकिंग आहे, नंबर शेवटी मिळतो. ऑनलाइन चेक-इन आम्हीच करतो, तुम्ही लग्नाच्या गडबडीत कुठे डोकं लावता?” हातात आलं ते त्यांचंच व्हाउचर, सोनेरी बॉर्डरचं. त्यावर : व्हेनिस क्रूझ टर्मिनल, दुपारी १ ते ३.

मे महिन्यात पोचलो. ‘व्हेनिसमधलं’ हॉटेल मेस्त्रेला निघालं, पुलाच्या अलीकडे, मुख्य भूमीवर. ते एक वेळ सोडून देऊ, अर्धं जग तिथेच उतरतं. जहाजाच्या दिवशी बॅगा ओढत पियात्साले रोमाला, म्हणजे शहराच्या तोंडाशी बसेस थांबतात त्या चौकात आलो, पीपल मूव्हर नावाच्या छोट्या ट्रेनने मारित्तिमाला उतरलो. आवार जवळजवळ रिकामं. गेटवरच्या माणसाने व्हाउचर उलटसुलट करून पाहिलं, जहाजाचं नाव फोनवर शोधलं आणि नकाशा आमच्यासमोर धरला. आमचं जहाज रावेन्नाच्या पोर्तो कोर्सिनी धक्क्यावर उभं होतं. कंपनीच्या बसेस व्हेनिसहून प्रवासी घेऊन सकाळीच गेल्या होत्या. त्यांचं तिकीट आधी काढावं लागतं, आणि अशा बसेस असतात हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

टॅक्सीवाल्याने पावणेचारशे युरो सांगितले. घासाघीस करायला वेळ कुणाला होता! रोमेआ नावाचा तो रस्ता ट्रकांनी भरलेला असतो. आमचा ड्रायव्हर एकामागून एका ट्रकच्या मागे अडकत होता आणि नवरा दर पाच मिनिटांनी एजंटाला फोन लावत होता. अखेर उचलला. “सर, कंपनीने काल रात्री अचानक पोर्ट बदललं. आमच्या हातात काय असतं?” काउंटर बंद करायच्या बेतात असताना आम्ही पोचलो. बाईने पासपोर्ट घेतले, दोन कार्डं दिली. केबिनला बाल्कनी नव्हती. खिडकीही नव्हती. जहाजाच्या ऐन पोटातली खोली, तिला डावी काय आणि उजवी काय!

बोर्डिंग पासवर बुकिंग नंबर पहिल्यांदा दिसला. तो घालून जहाज कंपनीच्या साइटवर लॉग-इन केलं तर सगळा कच्चा चिठ्ठा समोर. मार्चमधलं बुकिंग, प्रस्थान पहिल्या दिवसापासून रावेन्ना, प्रकार ‘इनसाइड गॅरंटी’. या गॅरंटीचा अर्थ असा की खोली कंपनी निवडणार, तुम्हाला मजला किंवा बाजू मागता येत नाही. सगळ्यात स्वस्त प्रकार. म्हणजे बेचाळीस हजार अशा गोष्टीचे घेतले जी बुकच केली नव्हती, आणि केली असती तरी जिच्यातून सेंट मार्क दिसणार नव्हता. रिसेप्शनवर बाल्कनी मागितली, तर जहाज भरलेलं होतं.

रावेन्नाचा राग नाही बरं का. पाचव्या-सहाव्या शतकातली मोझेक चित्रं, दान्तेची समाधी. आधी सांगितलं असतं तर एक रात्र तिथे आनंदाने राहिलो असतो. आम्ही पाहिलं ते गोदामं आणि क्रेन.

मग खोलीत बसून पॅकेजची एकेक ओळ तपासली. ‘व्हेनिस सिटी एन्ट्री परमिट’, माणशी ५० युरो. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४पासून प्रवेश शुल्क सुरू केलं हे खरं, पण ते त्या वर्षी ठरावीक दिवसांपुरतं आणि ५ युरो होतं, तेही दिवसभरासाठी येणाऱ्यांना. मुक्कामी माणसाला माफ, आणि मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच येतं. आम्हाला शून्य लागू होतं. ‘प्रायव्हेट गोंडोला’, माणशी ९० युरो. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो असा आहे, पण अख्ख्या बोटीला. दोघं बसा नाहीतर पाच.

सगळ्यात चीड आणणारी चोरी परत आल्यावर सापडली. परदेशी टूर पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, घेते. तेव्हा सात लाखांपर्यंत ५ टक्के होता (दर बदलतात, तुमच्या वेळचा बघून घ्या). हा कर तुमच्या पॅनवर जमा व्हायला हवा, म्हणजे रिटर्न भरताना तो वळता होतो. आमच्याकडून पंचवीस हजारांच्या आसपास घेतले होते. जुलैमध्ये रिटर्नसाठी २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, काढलं, तर त्यात एक रुपया नाही. सीएने विचारलं, “पैसे कुठल्या खात्यात दिले?” ती रक्कम त्याने “सरकारी भरणा वेगळा असतो” म्हणून स्वतःच्या यूपीआयवर मागून घेतली होती. बाकीचे पैसे कंपनीच्या खात्यात, रीतसर. मला तर वाटतं ही त्याची नेहमीची पद्धत असावी. बाल्कनीवरून लोक भांडतात, २६एएस उघडून कोण बघतं?

म्हणून आता बुकिंगच्या तयारीत असलेल्यांना सांगते. जहाज कंपनीचा बुकिंग नंबर पहिल्या हप्त्यानंतर आठवडाभरात हातात आला पाहिजे, आणि तो कंपनीच्या साइटवर स्वतःच्या मोबाइलवरून उघडला पाहिजे. त्यात बंदराचं नाव, धक्क्याचं नाव आणि केबिनचा प्रकार दिसतो. एजंटाच्या पीडीएफला काही किंमत नाही. मार्गात कोटोर असेल तर तो मॉन्टेनेग्रो, शेंगेनबाहेरचा, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांबाहेरचा. परत आत यायला मल्टिपल एन्ट्री व्हिसा लागतो, तोही तपासा. टीसीएस, जीएसटी कधीही कुणाच्या खासगी खात्यात भरू नका.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार नोंदवली. तिथून कंपनीला निरोप गेला, उत्तर आलं की ‘प्रवाशांनी अटी वाचल्या नव्हत्या’. मग वकिलामार्फत नोटीस दिली. सोबत जहाज कंपनीचं मूळ कन्फर्मेशन आणि त्यांचं सोनेरी व्हाउचर शेजारी शेजारी जोडलं. पंधरवड्यात बाल्कनीचे बेचाळीस हजार परत आले, सोबत एक कागद : ‘कोणतीही तक्रार उरलेली नाही, टीसीएसबाबत मागणी नाही.’ वर त्याचा स्वतःचा फोन. “ताई, सही करून टाका, पुढच्या वर्षी ॲनिव्हर्सरीला गोव्याचं बघू.”

सही केली नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमचा आकडा किंचित वर जात होता, म्हणून थोडी फी भरावी लागली. टीसीएसची तक्रार आयकर खात्याकडे वेगळी केली आहे. टॅक्सीची पावती त्या ड्रायव्हरने मागताच दिली होती, ती दोन्हीकडे जोडली आहे.