बिटवॉर्डन गप्प बसतं तेव्हा

नाशिकमध्ये माझं आयकर आणि जीएसटीच्या कामांचं छोटं ऑफिस आहे. मला धरून चार माणसं, १८० च्या आसपास क्लायंट. २०२३ पर्यंत सगळ्यांचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये होते. ती शीट चारही कॉम्प्युटरवर होती आणि एकदा घाईत मी ती चुकून एका क्लायंटलाच मेल केली. त्यांनी फोन केला, "मॅडम, यात सगळ्यांचंच दिसतंय." त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही बिटवॉर्डन घेतलं, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारा आणि लॉगिनच्या पानात भरून देणारा प्रोग्राम.

एकट्या माणसाला ते फुकट पुरतं. पासवर्ड कितीही ठेवा, फोन आणि कॉम्प्युटर कितीही जोडा. फुकटात आपापसांत वाटून घ्यायची सोय मात्र दोघांपुरती आहे, म्हणून आम्ही पैसे भरून योजना घेतली. सगळी माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद होऊन मग त्यांच्याकडे जाते. किल्ली म्हणजे आपला मास्टर पासवर्ड, आणि तो कंपनीलाही माहीत नसतो. प्रोग्रामचा कोडही कुणालाही तपासता येतो. दोन वर्षांत कुलपाबद्दल माझी एकही तक्रार नाही.

आमच्या धंद्यातली एक अडचण आधी सांगते. आयकर पोर्टल एकच आणि क्लायंट १८०, त्यामुळे ते पान उघडलं की ब्राउझरमधल्या बिटवॉर्डनच्या चिन्हावर '९+' येतं, म्हणजे त्या पानासाठी साठवलेल्या नोंदींचा आकडा, आणि खाली सगळी यादी. पहिल्या महिन्यात एका देशपांड्यांच्या जागी दुसऱ्या देशपांड्यांचं खातं उघडलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नोंदीला नाव आणि पुढे पॅनची शेवटची चार अक्षरं, असंच लिहायचं ठरवलं. एवढी शिस्त लावली की काम फार सुटसुटीत होतं.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबर २०२५. रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती आणि शेवटचे दोन दिवस उरले होते. रात्रीचे साडेआठ. ऑफिसच्या मेलवर निरोप आला की मेलबॉक्सची जागा संपली आहे, आलेले मेल अडकले आहेत. त्या आठवड्यात लोकांची बँक स्टेटमेंट मेलवरच येत होती, त्यामुळे पोटात गोळा आला. लिंक दाबली. पान अगदी रोजच्यासारखं, आमचा मेल आयडीसुद्धा आधीच भरलेला. पासवर्डचा रकाना तेवढा रिकामा.

आमच्या मेलच्या पानावर बिटवॉर्डनच्या चिन्हावर नेहमी '१' दिसतो. त्या रात्री आकडा नव्हता. मला वाटलं, ब्राउझरमधलं बिटवॉर्डनच अडकलं. मी ते उघडलं, नाव शोधलं, पासवर्ड कॉपी केला आणि स्वतःच्या हाताने त्या पानात चिकटवला. पान नुसतं फिरत राहिलं. शेजारी बसलेली आमच्याकडची मुलगी म्हणाली, "ताई, वरचा पत्ता बघा ना. हा आपला नाहीये."

बिटवॉर्डनला ते आधीच कळलेलं होतं. ते पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघतं. साठवलेल्या पत्त्याशी समोरचा पत्ता जुळला तरच आकडा दाखवतं आणि पासवर्ड भरतं. चोराने बोधचिन्ह, रंग, अक्षरं कितीही हुबेहूब आणली तरी तिथे काही चालत नाही. म्हणजे मी ज्याचे पैसे भरले ते काम त्याने चोख केलं आणि मी त्याला बाजूला सारून पुढे गेले.

आम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लगेच पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांतून लॉगआउट केलं, मेल गुपचूप दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम कुणी घालून ठेवला आहे का तेही पाहिलं. दुहेरी पडताळणी चालू होती, म्हणून कुणी आत आलं नव्हतं. माझे हात तरीही तासभर थरथरत होते.

नंतर वाचताना कळलं की मार्च २०२५ मध्ये ट्रॉय हंट यांच्याबाबतीत हेच घडलं होतं. चोरीला गेलेल्या माहितीत आपला मेल आयडी आहे का, हे तपासायचं 'हॅव आय बीन पोन्ड' हे ठिकाण चालवणारे ऑस्ट्रेलियातले तज्ज्ञ. लंडनमध्ये होते, प्रवासाने थकलेले. वाचकांना एकगठ्ठा मेल पाठवायच्या मेलचिंप या सेवेच्या नावाने आलेल्या बनावट मेलला फसले. त्यांच्या पासवर्ड मॅनेजरनेही आपणहून काही भरलं नव्हतं, तरी त्यांनी पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही दिले. सुमारे १६,००० वाचकांचे मेल आयडी गेले. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

मग मी विचार करत बसले, की आकडा नसताना मला शंका का आली नाही? कारण खऱ्या पानांवरही बिटवॉर्डन रोज कुठे ना कुठे अडतं. काही बँका पासवर्ड चिकटवूच देत नाहीत, कुठे पडद्यावरचा कीबोर्ड टिचकवावा लागतो. त्यात रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.bank.in' ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं. निर्णय उत्तम आहे, कारण तो पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पण आमच्या तिजोरीत, म्हणजे बिटवॉर्डनमधल्या नोंदींत, जुने पत्ते होते, त्यामुळे पत्ता बदलला तिथे आकडा नाहीसा झाला. हाताला कॉपी करायची सवय अशीच लागते, आणि ती लागली की खरी सूचना नेहमीच्या अडचणीसारखीच दिसते.

यावर आम्ही एक केलं. बँकांचे नवे पत्ते मेलमधल्या लिंकवरून न घेता स्वतः टाइप करून उघडले, तपासले आणि एका बैठकीत सगळ्या नोंदी सुधारल्या. 'भरा आणि पत्ता साठवा' अशा अर्थाचा जो पर्याय मिळतो, तो आमच्याकडे मला विचारल्याशिवाय कुणी वापरत नाही. बनावट पानावर तो दाबला तर तिजोरीच त्या पानाला ओळखीचं मानायला लागेल. गुगलच्या खात्याला पासकीही लावली, म्हणजे पासवर्ड न टाइप करता फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या कुलपाने लॉगिन करायची सोय. ती त्या पत्त्याशीच बांधलेली असते आणि तिच्यात कॉपी करण्यासारखं काही नसतं, त्यामुळे माझ्यासारख्या थकलेल्या माणसाला ती चुकीच्या पानात देताच येत नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

ओघात आलं म्हणून सांगते. आयकर पोर्टलवर पासवर्डच्या आधी आपण ठरवलेला एक संदेश दिसतो आणि तो बघितल्याची खूण करावी लागते. खऱ्या पानाची ओळख पटावी म्हणूनच ती सोय आहे. मी वर्षानुवर्षं न वाचता खूण करत आले. आता नव्या क्लायंटचं खातं उघडताना तो संदेश आवर्जून घालते, मराठीत बोलल्यासारखा, म्हणजे डोळा तिथे थांबतो.

घेणार असाल तर मास्टर पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. माझे दीर सहा महिने फोनवर नुसत्या अंगठ्याने तिजोरी उघडत होते. नवा फोन घेतला त्या दिवशी मास्टर पासवर्ड आठवेना. कंपनीकडे तो नसतोच, त्यामुळे परत मिळायचा प्रश्नच नव्हता. ते एकेका खात्याचा पासवर्ड नव्याने लावत बसले, पंधरा दिवस.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. ऑफिसात आता कुणीही लॉगिन करताना अडलं की बाकीचे आधी एकच विचारतात, "आकडा आहे का?"