स्पर्धेच्या पेटीतली मऊ आमिषे: चार सॉफ्ट प्लॅस्टिकचे परीक्षण

अमेरिकेच्या आखाती आणि अटलांटिक किनाऱ्यालगतच्या उथळ खाऱ्या पाण्यात रेडफिश नावाच्या माशाच्या मासेमारीच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांतल्या अनेकांचा निकाल अवघ्या दोन माशांच्या वजनावर लागतो. हे मासे कायद्याने ठरवलेल्या लांबीत बसले पाहिजेत, म्हणजे फ्लोरिडात १८ ते २७ इंच आणि टेक्सासमध्ये २० ते २८ इंच. शिवाय ते वजनकाट्यावर जिवंत पोहोचले पाहिजेत, कारण मेलेल्या माशासाठी वजन कापले जाते. जिवंत आमिषाला अशा स्पर्धांत सहसा बंदी असते आणि त्यामुळे बरीच मदार सॉफ्ट प्लॅस्टिकवर, म्हणजे मऊ कृत्रिम आमिषांवर, येऊन पडते. हौसेच्या मासेमारीत आमिषाला मासा लागतो की नाही एवढे पाहिले तरी पुरते. स्पर्धेत मात्र ते तासाभरात किती वेळ पाण्यात सरळ आणि शाबूत फिरत राहते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि झी-मॅनचे डीझल मिनोज, बर्कलीचे गल्प श्रिंप, डी.ओ.ए. श्रिंप आणि झूमचे सुपर फ्लूक ही चार आमिषे मी इथे याच कसोटीवर पारखली आहेत.

आधी घडणीविषयी. बहुतेक सॉफ्ट प्लॅस्टिक प्लॅस्टिसॉलपासून बनतात: पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट प्लॅस्टिसायझर यांचे मिश्रण तापवून साच्यात ओततात. प्लॅस्टिसायझरचे प्रमाण वाढवले की आमिष लवचीक होते आणि त्याची शेपटी अगदी मंद ओढीतही हलू लागते, पण तेच आमिष मग दोन-तीन माशांत नाकाकडून फाटते. मीठ मिसळले की ते जड होते, लांब जाते आणि लवकर बुडते, मात्र त्याची ताकद आणखी घटते. डीझल मिनोज या कुळातले नाही. ते इलाझटेक नावाच्या पदार्थाचे, म्हणजे थर्मोप्लॅस्टिक इलॅस्टोमरचे, असते आणि त्याचे जवळजवळ सगळे गुण-दोष या एकाच फरकातून निघतात.

पहिला गुण टिकाऊपणाचा. गवताळ उथळ पाण्यात पिनफिश नावाच्या तळहाताएवढ्या माशांचे थवे असतात आणि दिसेल त्या आमिषाची शेपटी कुरतडणे हा त्यांचा उद्योगच असतो. प्लॅस्टिसॉलच्या पॅडलटेलची, म्हणजे वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेल्या आमिषाची, शेपटी तुटली की उरतो तो गळाला अडकलेला नुसता धडाचा तुकडा. रॉडमध्ये जाणवणारी शेपटीची बारीक धडधड थांबली आहे, हे लक्षात येईपर्यंत चार-पाच फेकी वाया गेलेल्या असतात. इलाझटेक बोटांनी ओढले तर मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जाते आणि सोडताच पूर्ववत होते, त्यामुळे पिनफिशचे फारसे काही चालत नाही. पफर माशाच्या चोचीसारख्या दातांपुढे अर्थात कोणत्याच मऊ आमिषाचा निभाव लागत नाही. आमिष बदलायला मिनिटभर लागते, आणि ते मिनिट एरवी कोणी मोजत नाही. पण रेडफिशचा थवा होडीसमोरून सरकत असताना तेवढ्या वेळात तो पल्ल्याबाहेर गेलेला असतो.

दुसरा गुण तरंगण्याचा. इलाझटेक पाण्यावर तरंगते, म्हणून जिगहेडवर, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या गळावर, लावलेले आमिष तळाशी टेकले की त्याचे डोके खाली आणि शेपटी वर अशी ते उभे राहते. रेडफिशचे तोंड खालच्या बाजूला असते. तो खेकडे आणि कोळंबी तळातून उकरून खातो, आणि चिखलावर आडव्या पडलेल्या आमिषापेक्षा उभी राहून डोलणारी शेपटी त्याला लवकर दिसते. ओढणे थांबवले तरी आमिष काम करत राहते, ही सोय संथ दिवशी फार मोलाची ठरते.

याच तरंगण्याला दुसरी बाजूही आहे. इलाझटेक हलके असल्यामुळे समोरून वारा असला की फेक आखूड पडते, आणि ओहोटीच्या ओढीत १/८ औंसाच्या, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमच्या, जिगहेडवर ते तळ गाठतच नाही. तिथे १/४ औंसाकडे वळावे लागते. लावायलाही ते हट्टी आहे. साधे प्लॅस्टिसॉल गळावरून सहज सरकते, तर हे चिकटून बसते, आणि ओल्या, मासळलेल्या बोटांनी त्याला जिगहेडच्या खाचेपर्यंत ढकलताना संयमाची परीक्षा होते. एकदा बसले की मात्र सहसा सरकत नाही. नाकाशी जेल प्रकारच्या सुपर ग्लूचा थेंब टाकला तर निश्चिंत होता येते. आणखी एक पथ्य असे की हे आमिष प्लॅस्टिसॉलच्या आमिषांसोबत एका कप्प्यात ठेवू नये, कारण दोन्ही पदार्थांची एकमेकांवर प्रक्रिया होऊन दोन्हींचा चिकट लगदा होतो. ते आपल्या मूळ पाकिटातच राहू द्यावे. पेटी नीटनेटकी लावण्याची हौस असलेल्यांना ही अट जाचक वाटेल, पण ती पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

टिकाऊ आमिषसुद्धा वाकडे बसले तर निरुपयोगी ठरते, आणि मला वाटते की आमिषाच्या कंपनीवर वाद घालण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा वेळ जरी ते लावण्यावर खर्च केला तरी अधिक मासे हाती लागतील. गवतात किंवा कालवांच्या खडकाळ पट्ट्यांवर न अडकणारा, नाकाशी स्प्रिंग असलेला वजनी गळ वापरायचा असेल, तर आधी स्प्रिंग आमिषाच्या नाकाच्या अगदी मध्यात फिरवून बसवावी. मग गळ शेजारी आडवा धरून त्याचे वळण नेमके कुठे येते ते पाहावे, तिथे नखाने खूण करावी आणि टोक पोटातून घालून पाठीवर त्याच रेषेत काढावे. टोक दोन-तीन मिलिमीटर जरी मागे, शेपटीकडे निघाले तरी धड मध्ये फुगते. पुढे, नाकाकडे निघाले तर ते ताणले जाते. दोन्ही प्रकारांत शेपटी एका अंगाला कलते आणि आमिष ओढताना गरगर फिरून दोरीला पीळ घालते. होडीच्या कडेशी हातभर दोरी सोडून आमिष पाण्यातून एकदा ओढून पाहिले की हे लगेच समजते. पाकिटात दबून शेपटी वाकडी झाली असेल, तर प्लॅस्टिसॉलचे आमिष थोडा वेळ गरम पाण्यात धरून सपाट जागी सरळ ठेवल्यास बरेचसे मूळ आकारावर येते. हे काम स्पर्धेच्या आदल्या रात्री उरकावे.

बर्कलीचे गल्प ही वेगळीच जात आहे. ते पाण्यात विरघळणाऱ्या घटकांवर आधारलेले असल्याने वास पाण्यात सोडत राहते. प्लॅस्टिसॉलच्या तुलनेत हा वास ४०० पट अधिक पसरतो, असा कंपनीचा दावा आहे. आकड्याचे काय ते असो, पण पाणी गढूळ असताना किंवा मासा सुस्तावलेला असताना गल्पच्या ३ इंची श्रिंपला जी दाद मिळते, ती बिनवासाच्या आमिषाला क्वचितच मिळते. मासा ते तोंडात धरून ठेवतो, चटकन थुंकत नाही, त्यामुळे माशाची ओढ उशिरा कळली तरी संधी हुकत नाही. स्पर्धेच्या दृष्टीने नेमका हाच गुण धोक्याचाही ठरतो. जास्त वेळ तोंडात राहिलेले आमिष मासा गिळतो, गळ घशात रुततो, आणि जो मासा दिवसभर जिवंत ठेवून काट्यावर न्यायचा, तोच होडीतल्या टाकीत उलटा होतो. म्हणून गल्प लावले असताना दोरी ढिली सोडून बसू नये, आणि गळाचा काटा पक्कडीने दाबून टाकला असेल तर उत्तम.

गल्पच्या इतर तक्रारी सर्वांना ठाऊक आहेत. ते नरम असल्याने पिनफिशचे आवडते खाद्य ठरते. उन्हात गळावर तसेच राहिले तर आक्रसून इतके कडक होते की गळावरून कापूनच काढावे लागते. पाकिटातला द्रव सांडला तर त्याचा वास होडीला कित्येक दिवस सोडत नाही. शिवाय काही ठिकाणी ‘फक्त कृत्रिम आमिष’ या अटीत वास लावलेली किंवा खाद्य घटकांची आमिषे बसत नाहीत, तेव्हा नोंदणीपूर्वीच स्पर्धेचा आणि त्या पाण्याचा नियम शब्दशः वाचून घ्यावा आणि शंका असेल तर आयोजकांकडून उत्तर लेखी घ्यावे.

डी.ओ.ए.चे ३ इंची श्रिंप तयार गळासह आणि पोटात वजनासह येते, त्यामुळे वर सांगितलेली जोडणीची सारी यातायात वाचते. त्याचे वजन अशा बेताने बसवलेले असते की ते डोक्यावर न आपटता आडवे, संथपणे खाली उतरते आणि खरी कोळंबीही तशीच उतरते. या आमिषाची सर्वांत मोठी चूक वापरणाऱ्याच्या हातून होते: लोक ते फार वेगाने ओढतात. ते जवळजवळ न ओढता केवळ दोरी ताठ ठेवून प्रवाहाबरोबर वाहू द्यावे. गवताचे शेंडे पाण्याच्या वरच्या थरापर्यंत आले असतील, तर पॉपिंग कॉर्क नावाच्या आवाज करणाऱ्या तरंगत्या बुचाखाली दीड ते अडीच फूट लीडरवर, म्हणजे दोरीच्या टोकाला जोडलेल्या वेगळ्या तुकड्यावर, ते टांगावे. कॉर्कला झटका दिला की पाण्यावर आवाज होतो, आमिष उसळी घेते आणि पुन्हा सावकाश खाली येते, आणि बहुतेक वेळा ओढ या उतरण्यातच लागते. स्पेकल्ड ट्राउट या ठिपकेदार माशासाठी ही मांडणी मला सर्वोत्तम वाटते, कारण तो आपल्या पातळीवरचे किंवा वरचे भक्ष्य टिपतो. त्याच्या तोंडाची त्वचा पातळ असल्याने गळ बसवताना जोराचा हिसका देऊ नये. दिसलेल्या रेडफिशवर अचूक फेक करण्यासाठीही हे आमिष चांगले आहे. दाट गवतात मात्र उघड्या गळामुळे ते पदोपदी अडकते. काही जण त्याची शेपटी कापून गळ मागच्या बाजूने उलटा बसवतात आणि ही अडचण सोडवतात. करून पाहण्यासारखी युक्ती आहे.

उरले सुपर फ्लूक. ते मूळचे गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी प्रसिद्ध, पण खाऱ्या उथळ पाण्यात रेडफिश आणि स्नूकही ते आनंदाने घेतात. वजनाशिवाय, रुंद वळणाच्या ४/० किंवा ५/० मापाच्या गळावर लावले की ते पाण्यावर हलकेच पडते, आणि फूटभर पाण्यात पाठ उघडी टाकून चरणाऱ्या रेडफिशजवळ १/४ औंसाचे शिसे आपटण्यापेक्षा हे केव्हाही बरे. फेक माशाच्या अंगावर करू नये. त्याच्या पुढे आणि पलीकडे करून आमिष त्याच्या वाटेवर आणावे, आणि ते त्याच्यापासून दूर जाताना दिसावे, कारण कोणतेही भक्ष्य शिकाऱ्यावर चाल करून जात नाही. टिकाऊपणात हे आमिष चौघांत मागे आहे. एखाद-दुसऱ्या चांगल्या माशानंतर नाक फाटते. वारा असेल तर त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

रंगांबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. स्वच्छ पाण्यात पारदर्शक आणि फिके, गढूळ पाण्यात गडद किंवा शेपटीला पोपटी पिवळा रंग असलेले, एवढ्यावर बहुतेक वेळ भागते. गल्पमधला ‘न्यू पेनी’ हा तांबूस रंग आणि गुलाबी-पोपटी ‘इलेक्ट्रिक चिकन’ हे दोन रंग किनाऱ्यावर सर्वत्र चालतात. वीस रंगांची पाकिटे बाळगणारा स्पर्धक दिवसाचा बराच वेळ पेटीत डोके घालून बसतो.

माझ्या मते स्पर्धेच्या सकाळी पहिल्या रॉडवर डीझल मिनोजच असावे. मासे कुठे आहेत हे शोधण्यासाठी भराभर मोठा परिसर पालथा घालायचा असतो आणि ४ इंची आकार लहान माशांना थोडा तरी दूर ठेवतो. दुसऱ्या रॉडवर वजनाशिवायचे फ्लूक, दिसणाऱ्या माशासाठी तयार. एखादा चांगला मासा डीझल मिनोजच्या मागे येऊन परत फिरला, तर त्याच जागी लगेच गल्प टाकावे. त्या एका प्रसंगासाठी त्याचे पाकीट बाळगणे परवडते. ट्राउटचाही गट असलेल्या स्पर्धेत फ्लूकची जागा कॉर्कखालच्या डी.ओ.ए. श्रिंपला द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही. आणि एक रेडफिश टाकीत आल्यावर दुसरा कमाल लांबीच्या (फ्लोरिडात २७ इंचांच्या) आतला, पण त्या रेषेच्या जितका जवळचा मिळेल तितका हवा असतो, तेव्हा ४ इंचांऐवजी ५ इंचांचे डीझल मिनोज लावावे आणि प्रत्येक मासा शेपटी दाबून पट्टीवर दोनदा मोजूनच टाकीत सोडावा.