हेडसेट घ्यावा की चष्मा? आभासी आणि संवर्धित वास्तवाच्या उपकरणांचा तुलनात्मक आढावा

आभासी (भोवतीचे जग झाकून कृत्रिम दृश्य दाखवणाऱ्या) आणि संवर्धित (खऱ्या दृश्यावर कृत्रिम चित्रे उमटवणाऱ्या) वास्तवाची उपकरणे जाहिरातींत एकाच पंगतीला बसवली जात असली, तरी घेणाऱ्यासमोर प्रत्यक्षात तीन निराळ्या वस्तू असतात: डोळे पूर्ण झाकणारा हेडसेट, फोनला तारेने जोडून डोळ्यांसमोर मोठा पडदा उभा करणारा चष्मा, आणि पडदाच नसलेला, केवळ कॅमेरा, माइक व स्पीकर असलेला चष्मा. यांची निवड पिक्सेलच्या आकड्यांवरून करू नये, असे माझे ठाम मत आहे. उपकरण रोज किती वेळ डोक्यावर राहणार आणि आपले डोळे कसे आहेत, हे आधी पाहावे.

हेडसेट घ्यायचाच असेल, तर बहुतेकांची निवड मेटाच्या क्वेस्ट 3 आणि क्वेस्ट 3एस यांच्यात होते. पहिला ऑक्टोबर 2023 मध्ये 499 डॉलरला बाजारात आला, दुसरा त्यानंतर वर्षभराने 299 डॉलरला. दोहोंत चिप तीच, रॅम 8 जीबीच आणि वजनही जवळपास सारखेच, म्हणजे सुमारे 515 ग्रॅम आहे. मग जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः भिंगांचे. 3एसमध्ये फ्रेनेल भिंगे आहेत, ज्यांच्या पृष्ठभागावर एकात एक वर्तुळाकार चरे असतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की या चऱ्यांवर प्रकाश विखुरतो आणि अक्षरांभोवती उजेडाचे फराटे दिसू लागतात. शिवाय चित्र मध्यभागीच रेखीव राहत असल्याने कडेचा मजकूर वाचायला नुसती नजर फिरवून भागत नाही, मान वळवावी लागते. क्वेस्ट 3च्या पॅनकेक भिंगांत प्रकाश ध्रुवीकरणाच्या (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा ठरवण्याच्या) साहाय्याने आतल्या आत मागे-पुढे परावर्तित होतो, त्यामुळे भिंग व पडदा यांच्यातील अंतर घटते आणि चित्र जवळजवळ कडेपर्यंत स्पष्ट दिसते. खेळ आणि व्यायाम एवढाच हेतू असेल तर 3एस पुरेसा आहे, आणि त्याची बॅटरीही किंचित अधिक, सुमारे अडीच तास चालते. वाचन, चित्रपट किंवा संगणकाचे काम करायचे असेल, तर मात्र क्वेस्ट 3च घ्यावा.

याहून महत्त्वाची, पण क्वचितच विचारली जाणारी गोष्ट म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर. क्वेस्ट 3मध्ये चाक फिरवून भिंगे हवी तशी सरकवता येतात आणि 53 ते 75 मिलिमीटरपर्यंतच्या अंतराला तो चालतो. 3एसमध्ये 58, 63 आणि 68 अशा तीनच जागा आहेत. आपले अंतर चष्म्याच्या दुकानात सहज मोजून मिळते. ते या तिन्हींपासून दूर असेल, तर स्वस्त हेडसेट डोळ्यांना महाग पडू शकतो. आणखी एक मर्यादा सर्वच प्रचलित हेडसेटांना आहे: आभासी वस्तू जवळ आली की डोळे आत वळतात, पण भिंगांनी ठरवलेले फोकसचे अंतर तेवढेच राहते, आणि या विसंगतीने डोळे शिणतात. त्यामुळे दिवसभर काम करण्यासाठी हेडसेट घेण्याचा विचार करणाऱ्यांनी थांबावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

ॲपलच्या व्हिजन प्रोचे चित्र क्वेस्टपेक्षा कितीतरी उजवे आहे. परंतु फेब्रुवारी 2024 मध्ये 3,499 डॉलरला आलेला हा हेडसेट वजनदार आहे, बॅटरी तारेने जोडून खिशात ठेवावी लागते, आणि तो नंबरच्या चष्म्यावरून घालता येत नाही. त्यासाठी वेगळी भिंगे विकत घ्यावी लागतात. घरगुती वापरासाठी तो घ्यावा असे मी कोणालाही सुचवणार नाही.

केवळ चित्रपट पाहायचे असतील आणि प्रवास बराच होत असेल, तर एक्सरिअल वनसारखा तारेचा चष्मा अधिक योग्य ठरतो. त्याचे वजन हेडसेटच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. मात्र त्याला यूएसबी-सी मार्गाने चित्र बाहेर पाठवणारा फोन लागतो, आणि अनेक स्वस्त फोनांत केवळ चार्जिंगची व डेटाचीच सोय असते. फोनची ही क्षमता तपासल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

रे-बॅन मेटा हा तिसऱ्या प्रकारातला चष्मा भारतात मे 2025 मध्ये 29,900 रुपयांपासून उपलब्ध झाला. त्यात नंबरची भिंगे बसतात आणि सुमारे 50 ग्रॅम वजनामुळे तो दिवसभर डोळ्यांवर ठेवता येतो, पण त्यात काहीही ‘दिसत’ नाही. फोटो, फोन आणि आवाजी मदतनीस यांची गरज असलेल्यांसाठीच तो आहे. चित्रीकरण चालू असताना पुढे दिवा लागतो खरा, तरी समोरच्याची परवानगी विचारणे आपल्याकडेच राहते.

जुना हेडसेट स्वस्तात मिळत असेल, तर आधी त्याच्या सॉफ्टवेअरची चौकशी करावी. मायक्रोसॉफ्टने विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीतून विंडोज मिक्स्ड रिॲलिटी ही हेडसेट चालवणारी प्रणाली काढून टाकली आणि एचपी रिव्हर्ब जी2सारखे धडधाकट हेडसेट त्या आवृत्तीवर कंपनीच्या आधाराविना राहिले. ऑक्टोबर 2024 मध्ये होलोलेन्स 2 या मायक्रोसॉफ्टच्याच संवर्धित वास्तवाच्या हेडसेटचे उत्पादनही थांबल्याचे जाहीर झाले. विक्रेत्याकडून उपकरण आजच्या आवृत्तीवर चालवून घ्यावे, आणि ते जुन्या मालकाच्या खात्यातून मोकळे केल्यावरच पैसे द्यावेत.