कन्ना चौकाजवळचं टेप दुरुस्तीचं दुकान: माझा अनुभव

सोलापुरात अजून कोणी कॅसेट दुरुस्त करून देतं का, असं गेल्या महिनाभरात मला चार जणांनी विचारलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. देतात. कोंतम चौकातून कन्ना चौकाकडे जाताना एका बोळात, जिन्याखालच्या खोलीत हे दुकान आहे. पाटीवरची अक्षरं उडाली आहेत. बाहेर जुने स्पीकर एकावर एक रचलेले दिसले की तेच.

मी दोन वस्तू घेऊन गेले होते. एक, वीस वर्षं माळ्यावर पडलेला आमचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. दुसरी, साठ मिनिटांची एक कॅसेट, जिची फीत तुटली होती. ती तुटली कशी तेही सांगते, म्हणजे तुमच्या बाबतीत होऊ नये. आधी मी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने "बघतो चालते का" म्हणत कॅसेट थेट मशीनमध्ये घातली. फीत आत गुंडाळली गेली आणि त्याने ती ओढून काढली. वर म्हणाला, "काकू, टाकून द्या की. हे गाणं मोबाईलवर फुकट मिळतंय." मी त्याला काहीच बोलले नाही. सात रस्ता चौकापर्यंत रिक्षात रडत आले.

गाणं मोबाईलवर मिळतं हे मलाही माहीत आहे. स्कॉर्पिअन्स या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या बँडचं 'स्टिल लव्हिंग यू'. १९८४ साली आलेल्या 'लव्ह ॲट फर्स्ट स्टिंग' या अल्बममधलं अगदी शेवटचं गाणं, साडेसहा मिनिटांच्या आसपासचं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. सुरुवातीला एकटी गिटार, एकेक तार सुटी छेडलेली. मग त्यांचा गायक क्लाउस माइने याचा आवाज येतो, तोही दबका, समोरचं माणूस उठून जाईल की काय अशा भीतीने बोलावं तसा. आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू, ज्याने मोडलं ते मी बदलेन, पण तुझ्या अभिमानाची भिंत मध्ये उभी आहे, असं तो म्हणत राहतो. मग ड्रम येतात, गिटारी जड होतात, आणि शेवटाकडे तो माणूस अक्षरशः पदर पसरतो. इतकं मोठ्या आवाजातलं गाणं इतकं हळवं असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या घरी सकाळी अभंग आणि रात्री नाट्यगीतं, एवढंच.

ही कॅसेट मला १९९२ मध्ये एका मुलाने भरून दिली होती. तो सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकर पद्मशाली घरातला. खाली माग, वर राहायची खोली. आम्ही एका वर्गात होतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून त्याने मला या गायकाची गोष्ट सांगितली होती. १९८२ साली आलेल्या 'ब्लॅकआउट' या अल्बमचं काम चालू असताना माइनेचा आवाजच गेला होता, स्वरयंत्राची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या अल्बमनंतर दोन वर्षांनी हे गाणं आलं. "गेलेला आवाज परत आणून हा असं गातो, बघ," असं तो म्हणाला होता. गाणारा जर्मन, गाणं इंग्रजीत, हा घरी तेलुगू बोलणारा आणि मी मराठी. अर्थ लावायला डिक्शनरी घेऊन बसायचो.

पुढे तो मला न सांगता भिवंडीला गेला. घरचं कर्ज होतं, माग विकले होते, हे मला फार नंतर कळलं. त्याची दोन पत्रं आली. मी एकालाही उत्तर दिलं नाही, कारण जाताना मला सांगितलं नाही याचा राग होता. गाण्यातली भिंत मीच बांधली. माझं लग्न चांगल्या माणसाशी झालं, संसार चांगला झाला, आमच्या ह्यांना हे सगळं ठाऊक आहे. तरी तो मला आठवतो, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही.

तर दुकान. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. मी पंचवीस वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे समोरच्याचे हात कसे चालतात ते मी आधी बघते. अण्णांनी कॅसेट हातात घ्यायच्या आधी फडक्याने बोटं पुसली. खिडकीशी धरून आतली फीत पाहिली. मशीनजवळ नेलीच नाही. मग विचारलं, "ताई, यातलं काय ठेवायचंय?" मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "कोणाला गाणं पाहिजे असतंय, कोणाला आवाज पाहिजे असतोय, कोणाला नुसतं वरचं अक्षर. ते कळल्याबिगर हात लावत नाही मी." मी म्हणाले, "सगळं."

टू-इन-वन उघडला तेव्हा आतला रबरी बेल्ट विरघळून काकवीसारखा चिकट झाला होता. तो त्यांनी कापसाचे बोळे आणि आयसोप्रोपिल स्पिरिट घेऊन खरवडून काढला, कप्पीच्या खाचेतला काळा थरसुद्धा. फीत ओढणारं रबरी चाक कडक झालं होतं ते बदललं, फितीवरचा आवाज वाचणारं हेड साफ केलं. हे काम कोणताही चांगला मेकॅनिक करेल, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

कॅसेटचं काम मात्र मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून पाहिलं. माझ्या कॅसेटला स्क्रू नव्हते, डबी चिकटवलेली होती. त्यांनी सांध्यावर पातं फिरवून ती उघडली आणि दोन्ही चकत्या एका नव्या, स्क्रूच्या डबीत ठेवल्या. फीत हेडवर दाबून धरणारा बारीकसा नमदा गळून पडला होता, तो नवा बसला. मग तुटलेली टोकं. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद असते. ओढाताणीत एका जागी ती दोऱ्यासारखी पिळली गेली होती. अण्णा म्हणाले, "एवढं जाणार. दीड सेंटिमीटर. चालंल का?" कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने चालते, म्हणजे दीड सेंटिमीटर म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. मी हो म्हटलं. त्यांनी तिरका छेद घेतला, दोन्ही टोकं एका खाचेच्या पट्टीवर जुळवली, पाठीमागून जोडपट्टी लावली आणि नखाने घासून हवा काढली. कापलेला तुकडा फेकला नाही. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. जुनं लेबल वाफेवर सोडवून नव्या डबीवर चिकटवलं. निळ्या बॉलपेनची अक्षरं जराही पसरली नाहीत.

त्यानंतर लावली. आवाज आला, पण जाड चादरीखालून यावा तसा. माझ्या आठवणीत तो तसाच होता, मी म्हटलं बरोबर आहे. अण्णांनी मान हलवली. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या मशीनवर भरलं तिचा कोन आणि आपल्या मशीनचा कोन जुळला नाही की वरचे बारीक सूर ऐकूच येत नाहीत. डोळे मिटून त्यांनी तो स्क्रू अगदी केसाएवढा फिरवला. आणि गिटारची तार लख्ख झाली.

तिच्यामागून खटखट येऊ लागली. मला वाटलं मशीन बिघडलं. अण्णा हसले. "हे मशीन नाही ताई. खाली माग चालूलालाय. टॉवेलचा आहे. दोन ठोके हलके, तिसरा भरून. ऐका." टॉवेलला बाणा, म्हणजे आडवा धागा, तीन-तीनचा घालतात, दोन धागे पुरते ठोकत नाहीत आणि तिसऱ्याला मागाची फणी सगळं पुढे दाबते, त्यातून टॉवेलवरचे धाग्यांचे वळसे उठतात, हे त्यांनी हातवारे करून समजावलं. ते लहानपणी वडिलांच्या मागावर कांड्या, म्हणजे बाण्याच्या सुताच्या रिळी, भरायचे. त्या मुलाने दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, खोलीतल्या हवेतूनच हे गाणं भरलं असणार. वायर कुठली असायला त्याच्याकडे. म्हणून हॅनोव्हरच्या बँडखाली सोलापूरचा माग.

अण्णा म्हणाले, "कंप्युटरवर घालून ही खटखट काढता येतंय. काढू का?" मी नको म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण लक्ष गाण्यातच होतं. माइनेचा आवाज चढायला लागतो, त्याच्या जरा आधी, त्यांनी एकदम बटण दाबून थांबवलं. मागे घेतलं. परत लावलं. तिसऱ्यांदा मलाही ऐकू आलं. लांबून, जिन्याखालून आल्यासारखा एका बाईचा आवाज. तीन शब्द.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं. मला तेलुगू येत नाही. तो मला शिकवणार होता.

"अन्नं तिंदुवु रा," अण्णा म्हणाले. "आई बोलावूलालीय ताई. जेवायला ये म्हणते."

त्याच्या आईला मी एकदाच पाहिलं होतं, लांबून, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. कॅसेट पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी ती शेकडो वेळा ऐकली असेन. तेव्हा हा आवाज कधी ऐकू आला नाही, आमचं मशीन तेवढं नीट नव्हतं. आता मला सारखं वाटतं, तो उठला नसणार. गाणं पुरं भरेपर्यंत तिथेच बसून राहिला असणार, आणि आई ताट वाढून खाली थांबली असणार. मी दुकानातच रडले. अण्णांनी पंख्याचा वेग वाढवला, स्वतः उठून बाहेर स्पीकर लावत बसले, आणि दहा मिनिटांनी चहा घेऊन आत आले. एवढी समज मी भल्याभल्यांमध्ये पाहिलेली नाही.

व्यवहाराचं सांगते. टू-इन-वनचे ८५० रुपये आणि कॅसेटचे ३०० झाले. पेन ड्राइव्हवर उतरवून दिलं त्याचे वेगळे घेतले नाहीत. एकूण एकोणीस दिवस लागले, कारण रबरी चाक बाहेरून मागवावं लागलं. दोन वेळा मी हेलपाटा घातला, हे मला आवडलं नाही. ते फोन उचलत नाहीत, तो काउंटरखाली वाजत पडलेला असतो. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद. दुपारी दोन ते पाच बंद. बोळात चारचाकी जात नाही. घाई असेल तर इथे जाऊ नका. पण जी वस्तू परत मिळणार नाही अशी असेल, ती या माणसाच्या हातात निर्धास्त द्या. विचारल्याशिवाय ते त्यातलं काहीही काढणार नाहीत.

मोबाईलवरचं गाणंही मी परवा पूर्ण ऐकलं, कॅसेटच्या शेजारी ठेवून. स्वच्छ आहे, सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त चढाव सुरू व्हायच्या आधी माझा कान त्या हाकेची वाट बघतो आणि ती येत नाही.

पुढच्या आठवड्यात आईच्या ओव्यांच्या तीन कॅसेट अण्णांकडे न्यायच्या आहेत. त्यांनी बजावून ठेवलंय: उन्हाच्या आधी, सकाळी दहाच्या आत या, गाडीच्या डिकीत ठेवू नका, सोलापूरच्या उन्हात डबी वाकते. आणि येण्याआधी घरी लावून बघू नका.