कानाची खाच मला दिसली होती

मी ४५,८५० रुपयांना फसले आहे. माझ्या शब्दावर विसंबून नणंदेने दिलेले ५,००० आणि कार्यालयातील जुन्या मैत्रिणीचे ३,००० धरले, तर हा आकडा ५३,८५० होतो. ज्या जखमी कुत्र्यांच्या उपचारांसाठी हे पैसे मागितले गेले, ती कुत्री पैसे मागणाऱ्यांकडे कधी नव्हतीच. अशा टोळ्या कशा चालतात हे आज कोणाला नव्याने सांगावे लागत नाही, मलाही ते ठाऊक होते, आणि म्हणूनच हे लिहिताना मान खाली जाते. मी ओटीपी कोणाला सांगितला नाही, अनोळखी दुवा उघडला नाही, दामदुपटीच्या लोभाला पडले नाही. एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात मी ३१ वर्षे दुसऱ्यांची बिले तपासली आहेत. तरीही पाचही वेळा यूपीआयचा पिन मी माझ्या हाताने टाकला.

मी डोंबिवलीत राहते. आमच्या इमारतीखालच्या चार कुत्र्यांना गेली नऊ वर्षे मी रोज रात्री जेवण घालते, त्यांचे निर्बीजीकरण आणि दरवर्षीचे रेबीजचे इंजेक्शनही करून घेते. त्यांतला काळू जूनमध्ये रात्री अकराच्या सुमाराला टेम्पोखाली आला. त्या वेळी एकही डॉक्टर मिळाला नाही आणि पहाटे तो जिन्याखाली गेला. ही टोचणी मनात असतानाच ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व आसपासच्या शहरांतील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला आणि निर्बीजीकरण व लसीकरण करून, रेबीजची वा आक्रमक कुत्री वगळता, बाकीची मूळ जागी सोडावीत असे ठरले. परंतु मधल्या अकरा दिवसांत कुत्र्यांवर माया करणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आला होता. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या फोनवर एका निवाऱ्याची चित्रफीत आली: ‘उद्या मुंबईची पाळी, आज जागा उभी करू या.’ कल्याण-मुरबाड रस्त्यावर, गोवेलीच्या पुढे आपला निवारा असल्याचे त्यांनी लिहिले होते. खाली नोंदणी क्रमांक होता, ‘८०जी सवलत उपलब्ध’, म्हणजे देणगीवर आयकरात सूट, असेही होते. १४ ऑगस्टला मी १,१०० रुपये पाठवले.

तासाभरात फोन आला. मुलगा पंचविशीचा असावा, आवाज अगदी घरातला, पहिल्याच वाक्यात ‘काकू’. काळूबद्दल त्याने मला वीस मिनिटे बोलू दिले. त्यानंतर मोती आला. मोती म्हणजे मागचा पाय मोडलेल्या, जखमेत अळ्या पडलेल्या एका तांबूस कुत्र्याचा फोटो. १९ ऑगस्टला त्याच्या एक्स-रे व रक्ततपासणीसाठी ६,५०० रुपये गेले. १ सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या दिवशी, दुपारी बाराला फोन आला की मोती टेबलावर आहे, पायात प्लेट बसवायची आहे, ३६,००० पैकी निम्मे जमले आहेत, उरलेले आले नाहीत तर डॉक्टर पाय कापणार आहेत. माझे हात पुरणाने भरलेले होते. मी एक हात पदराला पुसला आणि क्यूआर कोड उघडला. पडद्यावर नाव आले ते संस्थेचे नव्हे, एका व्यक्तीचे. मी ते वाचले, विचारलेसुद्धा. ‘आमचे खजिनदार आहेत, काकू. संस्थेच्या खात्याचे केवायसी अडकले आहे,’ असे उत्तर मिळाले. नैवेद्य व्हायचा होता, पाहुणे पानावर बसायचे होते, आणि तिकडे कुत्रे टेबलावर होते. मी १८,००० रुपये पाठवले. पिन टाकण्याआधी दिसणारे ते नाव हीच तपासणीची शेवटची संधी असते. संस्थेला पैसे देताना तिथे व्यक्तीचे नाव दिसले, तर समोरचा काहीही सांगो, तिथेच थांबा.

शस्त्रक्रियेचे बिल आले. त्याआधी एक्स-रेचे बिल आले होते. पहिल्याचा क्रमांक ११२, तारीख १९ ऑगस्ट. दुसऱ्याचा क्रमांक ११३, तारीख १ सप्टेंबर. ज्या दवाखान्यात पायात प्लेट बसवण्याची सोय आहे, तिथे तेरा दिवसांत एकही दुसरे बिल फाटले नाही, हे माझ्या लक्षात यायलाच हवे होते. नोकरीत मी याच एका खुणेवरून दोन पुरवठादारांची खोटी बिले पकडली होती. ८०जीच्या पावतीचेही तसेच. सुबक चौकटीतली पावती दहा मिनिटांत आली, पण माझा पॅन कोणीच मागितला नाही. वास्तविक त्या वेळच्या नियमांप्रमाणे संस्थेला प्रत्येक देणगीदाराचा पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक घेऊन देणग्यांच्या विवरणाचा नमुना १०बीडी आयकर खात्याकडे भरावा लागत असे. तो आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरायचा असे, आणि त्यानंतर देणगीदाराला नमुना १०बीई हे प्रमाणपत्र मिळत असे. हे मी स्वतः कंपनीत इतरांना समजावून सांगत असे.

परंतु या सगळ्याहून मला जी गोष्ट झोपू देत नाही, ती मोतीच्या कानाची. निर्बीजीकरण झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच देतात, पुन्हा कोणी त्याला पकडून फाडू नये म्हणून. आमच्या चौघांच्या कानाला ती होती. जेवण घालताना माझा हात आपोआप तिथे जातो. मोतीच्या पहिल्या फोटोत एका कानाच्या टोकाला ती खाच स्वच्छ दिसत होती. १२ सप्टेंबरला ‘बरा झालेला मोती’ अंगणात धावतानाची चित्रफीत आली. रंग तोच, शेपटीचे पांढरे टोकही तेच, परंतु कान अखंड. फोटो आरशासारखा उलटा असेल म्हणून मी चित्रफीत थांबवून, मोठी करून दोन्ही कान पाहिले. दोन्ही पूर्ण होते. मी विचारले, तर तो म्हणाला, ‘काकू, जखमा भरल्या तसा कानही भरून आला.’ कापलेला कान पुन्हा उगवत नाही. हे नऊ वर्षे कुत्र्यांचे कान हाताळणाऱ्या बाईला कोणी सांगायची गरज नाही. तरीही मी त्याला लिहिले, ‘देव करो आणि असाच राहो.’

मी असे का लिहिले, याचा मी खूप विचार केला आहे. मला मूर्ख ठरवणाऱ्यांना मी इतकेच सांगेन की मला शंका आली नव्हती असे नाही. शंका घेण्याची भीती वाटली होती. मी चौकशी करत बसले आणि तेवढ्यात एखादे मुके जनावर काळूसारखे गेले तर, हा प्रश्न माझ्या मनात आधीपासूनच होता. त्या मुलाने पहिल्या फोनमध्ये वीस मिनिटे ऐकून तोच हेरला आणि पुढे प्रत्येक वेळी त्यावरच बोट ठेवले. तुमच्या दुःखाबद्दल फार आस्थेने ऐकून घेणाऱ्या अनोळखी माणसाला त्याच आठवड्यात पैसे देऊ नका.

तोवर ५ सप्टेंबरला दोन कुत्र्यांच्या ‘पालक योजने’चे तीन महिन्यांचे आगाऊ ८,२५० रुपये देऊन झाले होते. नणंद आणि मैत्रीण याच योजनेत माझ्यामुळे आल्या. २० सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, त्याने वाऱ्याने पत्रे उडालेल्या छपराचा फोटो पाठवला आणि म्हणाला, ‘पितरांच्या नावाने कुत्र्याला पान काढतोच ना आपण, काकू?’ माझ्या यजमानांचे श्राद्ध नुकतेच झाले होते, हे मीच त्याला सांगितले होते. त्यांच्या नावाने मी १२,००० रुपये दिले. सर्व रकमांत मला याच रकमेची सर्वांत जास्त चीड येते.

भेटीला येते म्हटले की कधी कुत्र्यांत पार्वोची साथ असे, कधी रस्ता पाण्याखाली असे. चित्रफीत-कॉल करा म्हटले की तिथे नेटवर्क नसे, तरी फोटो मात्र धडाधड येत असत. अखेर ११ ऑक्टोबरला, शनिवारी, न कळवता शेजारणीला बरोबर घेऊन मी निघाले. दहा किलो तांदूळ आणि पाच जुन्या चादरी घेतल्या होत्या. कल्याणहून मुरबाडची एसटी, गोवेलीला उतरून पुढे रिक्षा. त्यांनी दिलेल्या ठिकाणी तारेचे कुंपण होते, आत कमरेएवढे गवत, मोडलेली कोंबड्यांची शेड आणि ‘प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी. समोरच्या टपरीवाल्याने आमच्या हातातल्या पिशव्या पाहूनच विचारले, ‘कुत्र्यांचं बघायला आलात का? तुम्ही तिसऱ्या.’ आदल्या रविवारी कोणी वृद्ध गृहस्थ औषधांचे खोके घेऊन आले होते म्हणे. तिथूनच मी त्या मुलाला फोन लावला. दोन वेळा वाजून तो बंद झाला, तो आजतागायत.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली आणि पोच क्रमांकही मिळाला. परंतु शेवटचा व्यवहार तीन आठवडे जुना होता, आणि खात्यातले पैसे गोठवता येतात ते बहुधा पहिल्या काही तासांतच. संशय आला की पुरावे गोळा करत बसू नका, आधी १९३० लावा. पुढे मी आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात होते. दुसऱ्या दिवशी हवालदाराने अर्ज वाचला आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘कुत्र्यांसाठी पंचेचाळीस हजार?’ मग मला सांगण्यात आले की जागा ग्रामीण हद्दीत आहे, तिकडे जा. तिकडे गेले तर पैसे डोंबिवलीतून गेले आहेत, म्हणून डोंबिवलीत जा. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. ते मी कागदावर लिहून नेले होते. तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला गेला. चौथ्या खेपेला एका अधिकाऱ्याने शांतपणे समजावले, ‘मॅडम, तुम्ही स्वखुशीने दान दिले. दान परत मागता येते का?’ खोटे सांगून घेतलेले पैसे दान होत नाहीत, ती फसवणूक होते, आणि त्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, हे मी त्या खुर्चीतल्या माणसाला सांगायचे काय? मी ६१ वर्षांची आहे, माझे गुडघे दुखतात, आणि त्या जिन्याला कठडा नाही.

बँकेने तीन ओळींचे पत्र दिले: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केले असल्याने बँक जबाबदार नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्याच्या मालकाचे नाव, त्याचे केवायसी, त्याचा पत्ता हे सर्व कोणत्या तरी बँकेकडे आहेच ना? त्यासाठी पोलिसांचे पत्र लागते, आणि पोलिसांना ही तक्रार दानाची वाटते. ज्या समाजमाध्यमावर ते खाते होते तिथे मी, नणंदेने आणि शेजारणीने तक्रार केली. तिघींना एकच उत्तर आले, की हे खाते त्यांच्या नियमांचा भंग करत नाही. नोंदणी क्रमांक मी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधला तेव्हा तो खरा निघाला, पण दुसऱ्याच जिल्ह्यातील एका भजनी मंडळाचा. हा शोध घ्यायला मला चार मिनिटे लागली. १४ ऑगस्टला ती चार मिनिटे माझ्याकडे होती. नुसता क्रमांक पाहून समाधान मानू नका. तो कोणाच्या नावावर आहे ते पाहा. तो मुलगा महिन्याला चाळीस निर्बीजीकरणे करतो म्हणत असे. त्यासाठी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भारतीय पशुकल्याण मंडळाची मान्यता लागते, ती दाखव असे मी एकदाही म्हटले नाही. मोतीचा फोटो गुगल लेन्सवर टाकला तेव्हा तो परदेशातील एका निवाऱ्याच्या चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला.

माझे वडील परळला गिरणीत होते. तिथल्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या बैलघोडा हॉस्पिटलला, ते दिवाळीत पैसे द्यायचे तेव्हा आम्हाला हात धरून आत न्यायचे. बांधलेले घोडे, पट्ट्या बांधलेली कुत्री आम्ही डोळ्यांनी पाहायचो, मग ते खिडकीवर पैसे भरायचे. गाडीभाडे किती का लागेना, पहिली देणगी अशी जाऊन द्या.

यंदा आमच्या खालच्या तीन कुत्र्यांच्या इंजेक्शनाला उशीर झाला, कारण त्यांच्यासाठी ठेवलेले पैसे मोतीला गेले. नोव्हेंबरमध्ये कल्याणच्या एका मुलाचा फोन आला. तो रात्री-अपरात्री जखमी जनावरे उचलतो, मी त्याला तीन वर्षे ओळखते. मानेला अळ्या पडलेल्या एका कुत्रीसाठी त्याला ९०० रुपये हवे होते. मी त्याच्याकडेही पुरावा मागितला. तो एक क्षण गप्प झाला, मग त्याने चित्रफीत-कॉल लावला, दवाखान्याची पाटी दाखवली, आणि चिमटा हातात धरलेल्या डॉक्टरांना माझ्याशी बोलायला लावले. कुत्री कण्हत होती. मी पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरले, पडद्यावर दवाखान्याचेच नाव आले. त्या मुलाची क्षमा मी अजून मागितलेली नाही, कारण पुढच्या वेळीही मी त्याला हेच विचारणार आहे.

परवा रात्री शेजारणीने मला तिचा फोन दाखवला. मोतीचा तोच पहिला फोटो, आता नाव शेरू, निवारा विरारच्या बाजूला, रक्कम २२,०००. कानाची खाच दिसते आहे. मी त्याखाली लिहिले की हा फोटो चोरलेला आहे आणि माझे ४५,८५० रुपये याच फोटोवर गेले आहेत. पाच मिनिटांत माझी ओळ काढून टाकण्यात आली. शेजारणीच्या फोनवर त्या पानाचे चित्र टिपून घेतले आहे. सोमवारी ते घेऊन पाचव्यांदा ठाण्यात जाणार आहे.